लेहऱ्याचा लूप : सांधा ऐकू येणार नाही असा कसा कापायचा

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते स्पष्ट राहील. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या तुमच्या तबल्याच्या वर्गासाठी तुम्ही हार्मोनियमवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे तबल्याला साथ म्हणून फिरत राहणारी एका आवर्तनाची धून, वाजवून घेतलात. लय मिनिटाला ८४ मात्रा, वाजवणाऱ्याच्या कानात क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टकटक. मग रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये समेपासून समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून पुढच्या पहिल्या मात्रेपर्यंत, एक आवर्तन निवडून त्याची एमपी३ काढलीत. आता ती फाइल फिरत ठेवली की दर समेला ‘टिक’ असा आवाज येतो, आणि दहाएक आवर्तनांत लेहरा मेट्रोनोमच्या मागे पडतो. दुसरी फाइल नवरात्रासाठी केलेल्या हींच या गरब्याच्या ठेक्याची. तिच्यात ढोलाचा घुमारा शेवटी कापला जातो आणि पुढची फेरी कोरडी सुरू होते.

ही तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींवर एकच उपाय करायला गेलात, म्हणजे कडांना फेड लावले (आवाज हळूहळू चढवला-उतरवला) किंवा फाइल थोडी छाटली, तर एक बरं होताना दुसरं बिघडेल. बहुतेकांचं तसंच होतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा : लूपची, म्हणजे फिरत राहणाऱ्या तुकड्याची, लांबी आणि लूप कुठे कापायचा ही जागा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लांबी हिशोबाने ठरते, तिच्यात तुम्हाला हात घालायचा अधिकार नाही. जागा मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. फाइल समेवरच सुरू झाली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. आवर्तन गोल आहे. ते कुठूनही उघडलं तरी लांबी बरोबर असेल तर सम समेवरच येते.

लांबीचा हिशोब सोपा आहे. सॅम्पल रेट, म्हणजे एका सेकंदात आवाजाची जितकी मोजमापं (सॅम्पल) घेतली जातात तो आकडा, ४४,१०० असेल तर एका मात्रेचे सॅम्पल म्हणजे ४४,१०० गुणिले ६०, भागिले लय. तुमच्या ८४ च्या लयीला एक मात्रा बरोबर ३१,५०० सॅम्पलची होते, आणि सोळा मात्रांचं आवर्तन ५,०४,००० सॅम्पलचं, म्हणजे सुमारे ११.४३ सेकंद. रीपरमध्ये वरच्या रूलरवर उजवी क्लिक करून वेळ सॅम्पलमध्ये दाखवायला सांगा आणि निवड ५,०४,००० भरते का ते पाहा. एक्सपोर्ट झालेली फाइल पुन्हा उघडून तोच आकडा तपासा. हा आकडा फाइलच्या नावातच लिहून ठेवायची सवय लावा, पुढे फार उपयोगी पडते.

सगळ्याच लयींना असा स्वच्छ आकडा येत नाही. ९६ च्या लयीला मात्रा २७,५६२.५ सॅम्पलची निघते, पण सोळा मात्रा घेतल्या की ४,४१,०००, बरोबर दहा सेकंद. ८५ ला मात्र आवर्तनही अपूर्णांकातच राहतं. त्याने घाबरून जाऊ नका. सॉफ्टवेअर जवळच्या पूर्ण सॅम्पलला गोल करतं, आणि ८५ च्या लयीत ती चूक इतकी लहान आहे की तीन तास सलग लेहरा चालला तरी फरक दहा मिलिसेकंदांच्या आतच राहतो. तेवढा वेळ कोणी एका लेहऱ्यावर बसत नाही. लय सोयीची म्हणून ८५ ची ८४ करू नका. विद्यार्थ्याला जी लय हवी तीच ठेवा.

मग तुमचा लेहरा मागे का पडतो? कारण एमपी३. दोष तुमच्या कापण्याचा नाही, फाइलच्या प्रकाराचा आहे. एमपी३ आवाज १,१५२ सॅम्पलच्या फ्रेममध्ये बांधते. तुमच्या ५,०४,००० ला १,१५२ ने भागलं तर ४३७ फ्रेम पूर्ण भरतात आणि अर्धी उरते. ती अर्धी फ्रेम शांततेने भरून काढली जाते. शिवाय सुरुवातीला एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्राम, स्वतःची थोडी शांतता घालतो. लेम हा सर्वाधिक वापरला जाणारा एन्कोडर साधारणपणे ५७६ सॅम्पल घालतो, आणि फाइल वाजवताना डीकोडरकडून आणखी ५२९ सॅम्पलचा उशीर होतो. म्हणजे नुसत्या सुरुवातीलाच पंचवीस मिलिसेकंद गेले. शेवटची भर त्यावर वेगळी. लेम ही माहिती फाइलच्या डोक्यावर नोंदवून ठेवतो, आणि काही प्लेअर ती वाचून जादा भाग गाळतात. पण अनेक प्लेअर वाचत नाहीत. दहा आवर्तनांत पाव सेकंद किंवा त्याहून जास्त उशीर साचला की तो ८४ च्या लयीत मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. तुम्ही ऐकताय ते हेच.

म्हणून लूप नेहमी वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये काढा. ऑग व्हॉर्बिसही चालतं, त्यात नेमकी लांबी नोंदलेली असते. फोनवरच्या एएसी फाइलींचं दुखणं एमपी३ सारखंच आहे, त्यामुळे तो मार्ग नको.

आता टिक. याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण खरं कसब इथे लागतं.

तुमची निवड क्लिकच्या रेघेवर सुरू होते आणि क्लिकच्याच रेघेवर संपते. कागदावर ते बरोबर आहे. पण माणूस क्लिकवर वाजवताना बोट थोडं आधीच ठेवतो. हार्मोनियमची रीड हवा मिळताच क्षणात पूर्ण बोलत नाही, म्हणून चांगला वाजवणारा सवयीने किंचित आधी दाबतो. तुमचं रेकॉर्डिंग मोठं करून पाहा : रेघेच्या दहा-वीस मिलिसेकंद आधीच समेचा स्वर सुरू झालेला दिसेल. म्हणजे फाइल सुरू होते तेव्हा स्वराचा आरंभ तुटलेला असतो, आणि फाइल संपता संपता पुढच्या समेच्या स्वराचा तोच तुटका आरंभ शेवटी चिकटलेला असतो. ते दोन तुकडे जुळत नाहीत. लाटेची उंची एका सॅम्पलवरून दुसऱ्यावर उडी मारते, आणि ती उडी कानाला टिक म्हणून लागते.

नेहमीचा सल्ला मिळतो तो असा : लाट जिथे शून्याला छेदते तिथे कापा. ऑडॅसिटीत तर झेड दाबलं की निवडीच्या कडा आपोआप जवळच्या शून्यावर जातात. सल्ला चुकीचा नाही, पण लूपसाठी अपुरा आहे. कडा सरकल्या म्हणजे लांबी बदलली, आणि लांबीला हात लावायचा नाही हे आपण ठरवलंय. दुसरं, शून्य पुरत नाही. एका टोकाला लाट वर जाताना शून्यावर असेल आणि दुसऱ्या टोकाला खाली येताना, तर उंची जुळूनही दिशा मोडते आणि बारीक टिक राहतेच. स्टिरिओमध्ये डावी-उजवी दोन्ही बाजू एकाच क्षणी शून्यावर सापडणं तर फारच दुर्मीळ.

दुसरा सल्ला म्हणजे दोन्ही टोकांना पाच मिलिसेकंदांचा फेड. ढोलाला हे चालतं, कारण थापेआधी शांतता असते. हार्मोनियमला चालत नाही. सलग स्वर क्षणभर खाली जाऊन वर येतो, आणि दर आवर्तनाला त्याच जागी तो खड्डा पडतो. रीपर तर मूळ सेटिंगमध्ये नव्या तुकड्यांच्या कडांना दहा मिलिसेकंदांचे फेड स्वतःहून लावतं. लूपच्या बाहेरच्या दोन्ही कडांवरचे ते फेड ओढून शून्य करा. अनेकांना हा खड्डा कुठून येतो ते कळतच नाही.

खरा उपाय असा. लेहरा सलग किमान तीन आवर्तनं वाजवून घ्या आणि मधलं आवर्तन वापरा. निवडीची लांबी ५,०४,००० तशीच ठेवून ती अख्खी निवड डावीकडे चाळीसएक मिलिसेकंद सरकवा. आता दोन्ही कडा समेच्या स्वराआधी, सोळाव्या मात्रेच्या उतरत्या शेवटात आल्या. समेचा आरंभ फाइलच्या आत अखंड राहिला. वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला या चाळीस मिलिसेकंदांचा काहीही त्रास नाही, कारण समेपासून समेपर्यंतचं अंतर तेवढंच आहे.

तरीही दोन टोकं एकमेकांना जुळतील याची खात्री नाही. स्वर तोच, मात्रा तीच, पण दोन वेगवेगळ्या वेळी वाजलेला. इथे क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज उतरवत दुसरा चढवणं, लागतो, आणि तो लूपच्या पद्धतीने करायचा असतो. निवडीच्या सुरुवातीच्या लगेच आधीचा तीस मिलिसेकंदांचा तुकडा कॉपी करा. तो तुकडा निवडीच्या शेवटच्या तीस मिलिसेकंदांवर नेमका ठेवा, असा की त्याचा शेवट आणि निवडीचा शेवट एका सॅम्पलवर येईल. मूळ आवाज त्या तीस मिलिसेकंदांत उतरत जाईल आणि कॉपी केलेला तुकडा चढत जाईल. झालं. आता फाइलच्या शेवटी जो आवाज आहे तो रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीच्या आधी खरोखरच वाजलेला आवाज आहे. फाइल संपून पुन्हा सुरू होते तेव्हा कानाला मूळ सलग वाजवणंच मिळतं. सांधा असतो तो तीस मिलिसेकंद अलीकडे, क्रॉसफेडच्या आत. लांबीत एका सॅम्पलचाही फरक पडत नाही.

क्रॉसफेडमध्ये आवाज दबल्यासारखा वाटला तर दोन तुकड्यांच्या लाटा उलट-सुलट पडल्या आहेत असं समजा. रीपरमध्ये ऑल्ट दाबून तुकडा ओढला की कडा जागेवर राहतात आणि आतला आवाज सरकतो. मूळ आवर्तनाचा शेवटचा थोडा भाग आधी वेगळा करून घ्या आणि त्याचा आतला आवाज असा थोडासा सरकवून लाटा एकमेकांवर बसवा. वरून ठेवलेल्या तुकड्याला हात लावू नका, तो सुरुवातीशी जुळलेला आहे. मधल्या सप्तकातल्या स्वराची एक लाट चारएक मिलिसेकंदांची असते, म्हणजे जास्तीत जास्त दोन मिलिसेकंद सरकवावं लागतं, आणि ते लयीत कोणालाही कळत नाही. लाटा जुळल्या असतील तर फेडची वक्ररेषा साधी सरळ ठेवा. सारंगीसारखा मींड असलेला किंवा बराच श्वासाळलेला आवाज असेल आणि लाटा जुळणारच नसतील, तर इक्वल पॉवर वक्र (एकूण आवाजाची ताकद सारखी ठेवणारा) घ्या.

मधलं आवर्तन निवडताना भात्याकडे लक्ष द्या. भाता भरताना दाब किंचित बदलतो आणि आवाजाची पातळी हलते. समेच्या आसपास भाता स्थिर असेल असं आवर्तन घ्या. त्यासाठी सलग आठ-दहा आवर्तनं वाजवून घेणं बरं, निवडायला वाव राहतो. पंखा बंद ठेवा. बडोद्यात उन्हाळ्यात हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याची घरघर आणि वायरींचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट दोन टोकांना जुळला नाही तर स्वर जुळूनही सांध्यावर एक मंद धक्का बसतो. हाय-पास फिल्टर (ठरलेल्या पट्टीखालचा आवाज गाळणारा) ऐंशी हर्ट्झला लावा. हार्मोनियमच्या लेहऱ्यात त्याखाली ठेवण्यासारखं काही नसतं. आणि रस्त्यावरचा एखादा हॉर्न पकडला गेला असेल तर ते आवर्तन सरळ टाकून द्या. तो हॉर्न दर साडेअकरा सेकंदांनी वाजत राहील आणि विद्यार्थी त्यावर सम धरायला लागेल.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. आपल्या शहरात सूरसागरच्या काठी १८८६ पासून गायनशाळा आहे, मौलाबक्षांनी सुरू केलेली, आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी. तिथली आणि घरोघरच्या वर्गांतली मुलं आता बराचसा रियाज फोनमधल्या लेहऱ्यावर करतात. समोर हार्मोनियम किंवा सारंगी घेऊन रोज बसणारा साथीदार कोणाला मिळणार? मग तो लेहराच त्या मुलाचा साथीदार असतो. त्याच्यात दर समेला पंचवीस मिलिसेकंदांची अडखळ असेल तर हात ती अडखळ शिकतो. पुढे माणसाच्या साथीला बसल्यावर तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) किंचित उशिरा पडते आणि का ते त्या मुलाला सांगता येत नाही. म्हणून हे काम नीट व्हायला हवं.

त्याच कारणाने एका आवर्तनाचा लूप मला पटत नाही. तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष असला तरी तीच बोटं, तोच भाता, तीच किंचित लांबलेली आठवी मात्रा पुन्हा पुन्हा ऐकून कान थकतो. चार आवर्तनं घ्या, जमलं तर आठ. कृती अगदी तीच. फक्त लांबी ५,०४,००० च्या चौपट किंवा आठपट. तानपुऱ्याच्या लूपला तर मी मिनिटाच्या खाली जातच नाही. त्यात पंचमाच्या तारेच्या लगेच आधी कापा आणि मधले फेरे वापरा, म्हणजे खर्जाची आस सुरुवातीला आधीपासून असते.

आता ढोल. तुमचा हींच ठेका सॉफ्टवेअरमध्येच बांधलेला आहे, त्यावर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावलाय. एक फेरी एक्सपोर्ट केली की शेवटच्या थापेचा घुमारा फेरीच्या सीमेवर तुटतो, आणि पुढच्या फेरीच्या सुरुवातीला आधीच्या थापेचा घुमारा असायला हवा तो नसतो. एक्सपोर्ट करताना मागे शेपूट ठेवायचा पर्याय निवडलात तर आवाज पुरा येतो, पण फाइल लांबते आणि लूप मोडतो.

तत्त्व एवढंच : दोन फेऱ्या वाजवा आणि दुसरी ठेवा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिलीचा घुमारा आपोआप येतो. रीपरच्या रेंडर (फाइल काढण्याच्या) खिडकीत ‘सेकंड पास रेंडर’ नावाची खूण आहे, ती लावा आणि ‘टेल’ काढा. एफएल स्टुडिओत ‘टेल’च्या खाली ‘रॅप रिमेंडर’ निवडा. एबलटन लाइव्हमध्ये ‘रेंडर ॲज लूप’, लॉजिकमध्ये ‘बाउन्स सेकंड सायकल पास’. यातलं काहीच सापडलं नाही तर ठेका टाइमलाइनवर तीन वेळा मांडा, सगळा रेंडर करा आणि मधली फेरी सॅम्पलच्या हिशोबाने कापा. रिव्हर्ब फार लांब असेल तर, म्हणजे फेरीच्या लांबीपेक्षाही जास्त, चार-पाच फेऱ्या जाऊ द्या आणि त्यानंतरची घ्या. हींचची फेरी लहान असते, त्यामुळे हे तुमच्या बाबतीत होण्याचा संभव आहे. किंवा एका फेरीऐवजी आठ फेऱ्यांचा लूप करा, तेच मला जास्त बरं वाटतं.

याचा आणखी एक फायदा होतो. मास्टरवर, म्हणजे एकूण आवाजावर, पातळी आवरणारा कॉम्प्रेसर किंवा लिमिटर असेल तर पहिल्या फेरीत तो अजून स्थिरावलेला नसतो, पहिली थाप मोठी सुटते. दुसऱ्या फेरीत तो स्थिर झालेला असतो, त्यामुळे टोकांची पातळी जुळते. कोरससारखा डोलणारा इफेक्ट असेल तर त्याची गती प्रोजेक्टच्या लयीला बांधा; नाहीतर सांध्यावर तो भलत्याच जागी असतो.

हींच सहा मात्रांचा. प्रोजेक्ट ४/४ मध्ये असेल तर सॉफ्टवेअरच्या कडा चार-चारच्या बारला चिकटतात आणि फेरी चुकीच्या जागी कापली जाते. आधी ताल ६/८ करा. रूपक, झपतालाचे लूप कराल तेव्हाही ताल असाच त्यांच्या मात्रांप्रमाणे बदला.

ढोलाची फाइल लूपमध्ये पहिल्यांदा सुरू होते तेव्हा तिच्या सुरुवातीला आधीच्या फेरीचा घुमारा ऐकू येईल, कारण तो आता आत आहे. गरब्याच्या मंचावर हे खटकतं. पहिली फेरी वेगळी फाइल म्हणून काढून ठेवा. ती एकदा वाजू द्या, मग लूप.

बाकी सेटिंगचं फार बोलायला नको. चोवीस बिट ठेवा, नॉर्मलाइझ बंद ठेवा, आणि ‘शांतता आपोआप छाटा’ असा पर्याय कुठे दिसला तर तो नक्की बंद करा, कारण ठेका विश्रांतीवर संपत असेल तर तो विश्रांतीच खाऊन टाकतो. सॅम्पल रेट मात्र आधी ठरवा. व्हिडिओसाठी ४८,००० हवा असेल तर प्रोजेक्टच ४८,००० ला बांधा. कापून झालेला लूप नंतर बदलायला गेलात तर तुमचे ५,०४,००० सॅम्पल ५,४८,५७१ आणि वर थोडे असे होतात, आणि रूपांतराचा फिल्टर कडांशी खेळतो.

तपासणी अशी करा. नवा प्रोजेक्ट उघडा, फाइल आत घ्या, आपोआप क्रॉसफेड बंद करा आणि आठ प्रती एकामागोमाग चिकटवा. पडद्याकडे न बघता हेडफोनवर ऐका. सांधा कुठे आहे हे डोळ्यांना दिसत असलं की कान तिथे नसलेली टिकही ऐकतो. मग मेट्रोनोम लावून शेवटची सम पाहा.

एवढं करून फोनवर अडखळ राहिलीच तर ती फोनच्या प्लेअरची आहे. ‘रिपीट वन’ लावल्यावर बरेच प्लेअर फाइल बंद करून पुन्हा उघडतात आणि तेवढ्यात खंड पडतो. निर्दोष वेव्हलाही ते सोडत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी सोपी वाट ही की तुमचा चांगला लूप टाइमलाइनवर वीस मिनिटांपर्यंत सलग मांडा आणि एकच लांब फाइल काढा. सांधे सगळे आत गेले, त्यामुळे इथे एमपी३ बिनधास्त चालेल. वीस मिनिटांची सोळा बिटांची स्टिरिओ वेव्ह दोनशे एमबीच्या वर जाते, ती कोणी उतरवून घेणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते. मूळ वेव्ह लूप मात्र तुमच्याकडे जपून ठेवा, कारण पुढच्या महिन्यात कोणीतरी हाच लेहरा चाळीस मिनिटांचा मागणारच.